गाडीतला ऑटो एसी वापरायचा कसा: २४ वर लावा, ऑटो दाबा आणि हात काढून घ्या

आता मधल्या नाहीतर वरच्या व्हेरिएंटची गाडी घेतली की त्यात ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल, म्हणजे ऑटो एसी, बहुधा येतोच, पुण्या-मुंबईकडून सेकंड हॅन्ड गाडी आणली तरी बऱ्याच वेळा असतो. पण परभणी घ्या, नांदेड घ्या, लातूर घ्या, बहुतेक जण तो जुन्या एसीसारखाच वापरायलेत. गाडीत बसलं की आकडा एकदम खाली, पंखा फुल्ल, दहा मिनिटानं अंग गारठलं की बंद, पुन्हा घाम फुटला की चालू, असं सगळ्या रस्त्यानं. एप्रिल-मे मधे आपल्याकडं पारा ४२-४३ वर जातो, गाडीत म्हातारी माणसं असतात, लहान लेकरं असतात, लग्नसराईत तर भर दुपारी निघावं लागतं, त्यामुळं ही सिस्टीम नेमकं काय करते ते एकदा नीट समजून घेतलेलं लई कामाला येतं. नवीन गाडी घेणाऱ्यासाठी पहिल्यापासून सांगतो.

आधी बघा, तुमच्या गाडीत ऑटो आहे का

नुसता डिजिटल डिस्प्ले दिसला म्हणजे ऑटो एसी असं नसतं, काही गाड्यात डिस्प्ले असतो पण आत सगळं मॅन्युअलच. खुणा दोन. तापमान अंशात लावता यायला पाहिजे, २२, २२.५, २४ असं, आणि इंग्रजीत ऑटो लिहिलेलं बटण पाहिजे. निळ्यापासून लालपर्यंत फिरणारा नॉब आणि पंख्याचे १ ते ४ आकडे एवढंच असंल तर तो मॅन्युअल. त्यात वाईट काही नाही, खाली फिल्टरचं आणि गॅसचं जे लिहिलंय ते त्यालाही लागू आहे.

तसं हे तंत्र काही काल-परवाचं नाही. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं १९४० च्या मॉडेलमधे कारखान्यातूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली, पण त्याला तापमान सांभाळता येत नव्हतं, नको असला तर उतरून कंप्रेसरचा, म्हणजे एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाचा, बेल्ट काढावा लागायचा. आकडा लावा आणि बाकी गाडी बघंल, हे कॅडिलॅकनं १९६४ मधे आणलं. आपल्याकडं साध्या बजेटच्या गाडीत यायला मधे लई वर्षं गेली.

त्या आकड्याचा अर्थ

२४ लावलं म्हणजे डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीतून २४ डिग्रीची हवा येणार असं नाही. गाडीच्या आतली हवा मला २४ वर पाहिजे, असं तुम्ही गाडीला सांगितलं. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं आहे.

समजा आत ५५ आहे आणि तुम्हाला २४ पाहिजे. फरक एवढा मोठा दिसला की सिस्टीम स्वतःहूनच पंखा जोरात लावते, गार हवेचा रस्ता पूर्ण उघडते आणि बाहेरची हवा बंद करते, म्हणजे तिच्यात आहे तेवढी सगळी ताकद ती लावूनच असते. तेव्हा २४ चं १८ केलं तरी जाळीतून येणारी हवा काही जास्त गार होत नाही, कारण कूलिंग कॉइल, म्हणजे हवा गार करणारा आतला भाग, आधीच जमंल तेवढी गार झालेली असते. फरक पडतो तो नंतर, २४ वाली गाडी २४ च्या जवळ आली की पंखा आपोआप हळू करते आणि तिथं टिकवून धरते, १८ वाली मात्र थांबतच नाही, ती गार करतच राहते आणि मग तुम्हालाच बटणं दाबत बसावं लागतं.

आकडा एकदम खाली नेला की डिस्प्लेवर आकड्याच्या जागी 'लो' येतं. तिथं तर सिस्टीम आतलं तापमान सांभाळायचं सोडूनच देते, नुसती फुल्ल गार हवा सोडत राहते. वरच्या टोकाला 'हाय' आलं की तसंच, नुसती गरम. म्हणजे 'लो' वर ठेवलं की तुमचा ऑटो एसी ऑटो राहतच नाही.

मग लावायचं किती, तर आपल्या उन्हाळ्याला २४ ते २५ बास होतं. बाहेर ४२ आणि आत १९ ठेवून जालन्याच्या मोंढ्यात उतरलं की डोकं धरतंय, आजारी माणसाला तर हा फटका सहनच होत नाही. घरातल्या एसीसाठी सुद्धा २०२० पासून नवीन मशीन चालू करताना २४ वरच चालू व्हावी असा नियम केंद्र सरकारनं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या सल्ल्यानं केलाय, तोच आकडा गाडीतही धरून चाला आणि अर्ध्या-एका अंशानं आपल्या अंगाला जमवून घ्या.

डॅशबोर्डच्या मागं काय चालतं

बोनेटखाली बेल्टवर फिरणारा कंप्रेसर गॅस दाबतो, दाबल्यानं गॅस गरम होतो, मग तो रेडिएटरच्या पुढं जी जाळी असते त्या कंडेन्सरमधे जातो, तिथं वाऱ्यानं त्याची उष्णता निघून जाते आणि त्याचा द्रव होतो. हा द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून कूलिंग कॉइलमधे सुटला की दाब एकदम पडतो, तिथं तो उकळून परत गॅस होतो आणि उकळायला लागणारी उष्णता आजूबाजूच्या हवेतून ओढून घेतो. पंखा त्याच कॉइलवरून हवा फुंकतो, ती गार होऊन तुमच्यापर्यंत येते. हवेतलं बाष्प पण कॉइलवर जमतं आणि पाणी होऊन गाडीखाली टपटप पडतं, ते दिसलं म्हणून घाबरायचं काम नाही, ते पडायलाच पाहिजे.

इथपर्यंत मॅन्युअल आणि ऑटो सारखेच. कॉइलच्या पुढं अजून एक छोटी जाळी असते, हीटर कोअर, तिच्यातून इंजिनचं गरम कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, फिरतं, आणि किती हवा या गरम जाळीवरून जाऊ द्यायची ते एक झडप ठरवते. बंबातल्या कढत पाण्यात आपण विसण घालून आंघोळीपुरतं जमवून घेतो, तसं ही झडप गरम आणि गार हवा मिसळून पाहिजे तेवढी जमवते. मॅन्युअल गाडीत ती झडप तुम्ही नॉब फिरवून हलवता, ऑटोमधे एक बारकी मोटर हलवते, तिला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. अशाच मोटरी हवा तोंडावर, पायावर का काचेवर ते ठरवणाऱ्या झडपेला आणि आतली-बाहेरची हवा बदलणाऱ्या झडपेला पण असतात. चालू करताना डॅशबोर्डमधून बारीक घुर्र आवाज येतो तो यांचाच.

आता या मोटरींना सांगतं कोण, तर एक छोटा कंट्रोलर, आणि तो सेन्सरवर चालतो. सेन्सर कुठं असतात ते आपल्या गाडीत एकदा शोधूनच ठेवा, कारण निम्म्या तक्रारी तिथंच निघतात.

पहिला आतल्या हवेचा. बऱ्याच गाड्यात स्टिअरिंगच्या आजूबाजूला नाहीतर एसीच्या बटणांजवळ बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी असते, तिच्यातून केबिनमधली हवा हळूच आत ओढली जाते आणि आतला सेन्सर तिचं तापमान घेतो. एसी चालू करून टिश्यू पेपरचा नखाएवढा तुकडा त्या जाळीपाशी धरा, हवा ओढणारी जाळी असंल तर तो तुकडा हलकासा चिकटून बसतो. नाही चिकटला आणि एसी पण वेडंवाकडं वागायला लागलाय तर त्या जाळीत धूळ बसलेली असू शकते, मऊ ब्रशनं साफ करा, आत काडी किंवा पाणी घालू नका. काही नव्या गाड्यात दुसऱ्या पद्धतीचा सेन्सर असतो, तिथं ही टिश्यूची टेस्ट लागू होत नाही. आणि हो, मोबाईल होल्डर लावताना ही जाळी झाकली जाणार नाही एवढं बघा.

दुसरा उन्हाचा. डॅशबोर्डच्या वर, पुढच्या काचेच्या बुडाशी, काळसर गोल टिकली दिसते. तापमान तेवढंच असलं तरी ऊन थेट अंगावर येतंय का ढग आहेत यानं माणसाला लागणारी गर्मी बदलते, म्हणून हा सेन्सर उन्हाचा जोर बघून हवा थोडी जास्त गार सोडायला सांगतो. आपल्याकडं डॅशबोर्डवर मखमली मॅट अंथरायची पद्धत आहे, तुळजाभवानीची नाहीतर विठ्ठल-रखुमाईची मूर्ती बसवायची पद्धत आहे, आणि ती नेमकी या टिकलीवर येते. मूर्ती चार बोटं बाजूला बसवा, मॅटला तेवढ्या जागी गोल कापून घ्या. ज्या गाडीत हेडलाइट आपोआप लागतात तिथं उजेडाचा सेन्सर पण बहुधा याच टिकलीत असतो, झाकला की भरदिवसा लाइट लागतात, म्हणजे खूण लगेच पटते.

तिसरा बाहेरच्या हवेचा, पुढच्या बंपरच्या आत नाहीतर ग्रिलच्या मागं, काही गाड्यात बाजूच्या आरशाखाली. गाडी उन्हात डांबरावर उभी असली की हा तापतो आणि मीटरवर ४७-४८ दाखवतो, गाडी पळायला लागली की काही वेळानं खरा आकडा येतो. त्यामुळं उभ्या गाडीतला फोटो काढून आपल्या गावात एवढं तापमान आहे असं ग्रुपवर टाकू नका, लोक खरं धरतात.

या सेन्सरचं एक प्रकरण सांगतो, कारण असं लई जणांचं होतंय. माझ्या मावसभावाची गाडी पुढून घासली होती, बंपर काढून रंग मारून परत बसवला, आणि दुसऱ्या दिवसापासून एसी गारच होईना. गॅरेजवाल्यानं गॅस कमी झालाय म्हणून गॅस भरला, तरी तेच. मीटरवर बाहेरचं तापमान उणे ४० दाखवत होतं, तिकडं कुणी बघितलंच नाही. बंपरच्या आत सेन्सरचं सॉकेट लोंबकळत होतं, बसवताना जोडायचं राहिलं होतं. सेन्सर तुटला किंवा निघाला की बऱ्याच गाड्यात कंट्रोलरला वाटतं बाहेर कडाक्याची थंडी आहे, आणि एवढ्या थंडीत कंप्रेसर चालवला तर खराब होईल म्हणून तो कंप्रेसर चालूच करत नाही. सॉकेट टक्कन बसवलं आणि एसी सुरू. म्हणून एसी गार करंना गेला की सगळ्यात आधी मीटरवरचं बाहेरचं तापमान बघा, तिथं उणे आकडा नाहीतर नुसत्या रेघा असतील तर गॅसला हात लावू देऊ नका.

चौथा सेन्सर कूलिंग कॉइलवर असतो, कॉइल शून्याच्या जवळ गेली की तिच्यावर बर्फ धरतो आणि हवा अडते, ते होऊ नये म्हणून हा त्याआधीच कंप्रेसरला थांबवतो. पाचवा इंजिनच्या कूलंटचा, त्याचं काम हिवाळ्यात येतं.

भर दुपारी गाडी काढताना

उन्हात तास-दोन तास उभ्या गाडीत आतली हवा ५५-६० पर्यंत जाते आणि डॅशबोर्ड तर ७० च्या वर तापतो. म्हणजे आतली हवा बाहेरच्या ४२ पेक्षा कितीतरी गरम असते, तीच कोंडून गार करत बसण्यात अर्थ नाही, ती आधी बाहेर काढा.

पहिल्यांदा चारी काचा खाली घ्या, नाहीतर एका बाजूची मागची काच खाली करून समोरच्या बाजूचं पुढचं दार चार-पाच वेळा उघड-बंद करा, गरम हवेचा लोट सरळ बाहेर पडतो. मग गाडी चालू करा, २४ लावा, ऑटो दाबा आणि काचा अर्ध्या उघड्या ठेवूनच निघा. गल्लीतून मेन रोडला येईपर्यंत आतली गरम हवा निघून जाते, तेव्हा काचा बंद करा. आता आतल्या हवेचं बटण, म्हणजे गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असलेलं, त्याचा लाइट लागलाय का बघा, बऱ्याच गाड्या कडक उन्हात स्वतःच लावतात, नसंल लागला तर तुम्ही लावा. आणि मग दहा-पंधरा मिनिटं कशालाच हात लावू नका. पंखा सुरुवातीला मोठा आवाज करंल, करू द्या, तो आपोआप कमी होतो. पंख्याचं बटण तुम्ही एकदा दाबलं की बहुतेक गाड्यात ऑटोचा लाइट जातो आणि पंखा तुमच्या हातात येतो, मग परत ऑटो दाबावं लागतं.

उभ्या गाडीत आधी गार करून मग निघू असं करू नका. पेट्रोल-डिझेल गाडीत कंप्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो, उभ्या गाडीत इंजिन हळू फिरतं आणि कंडेन्सरला पुढून वारा पण मिळत नाही, त्यामुळं गाडी पळताना जेवढं लवकर गार होतं तेवढं उभ्यानं होत नाही, डिझेल मात्र जळत राहतं. इलेक्ट्रिक गाडीचं वेगळं, तिचा कंप्रेसर बॅटरीवर चालतो, उभ्यानंही तेवढाच गार करतो, आणि मोबाईलवरून आधीच चालू करायची सोय असंल तर उन्हाळ्यात ती जरूर वापरा.

शक्यतो लिंबाच्या सावलीत गाडी लावा, नाही मिळाली तर पुढच्या काचेला आतून सनशेड लावा, त्यानं स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड कमी तापतो आणि एसीचं पहिल्या दहा मिनिटातलं काम हलकं होतं.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. तुळजापूर, परळी, औंढ्याला नाहीतर लग्नाला गेल्यावर ड्रायव्हर मंडळी इंजिन आणि एसी चालू ठेवून, काचा लावून गाडीत झोपतात. गाडी भिंतीला लागून, शेडमधे, बंद जागेत उभी असंल नाहीतर सायलेन्सर कुठं लीक असंल तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. झोपायचं तर इंजिन बंद करा, काचा उघडा, झाडाखाली झोपा. आणि लहान लेकराला दोन मिनिटासाठी सुद्धा बंद गाडीत ठेवून जाऊ नका, एसी चालू असला तरी नाही.

आतली हवा का बाहेरची

उन्हाळ्यात आतलीच हवा फिरवली की लवकर गार होतं, कारण आधीच गार झालेली हवा परत गार करायची असते. उसाच्या ट्रॅक्टरमागं, जिनिंगजवळ, खडीच्या क्रशरपाशी, सोयाबीनची मळणी चालू असलेल्या रस्त्यावर पण आतलीच ठेवा, म्हणजे भुसा आणि धूळ आत येत नाही.

पण लांबच्या रस्त्याला पाच-सहा माणसं बसून तासनतास आतलीच हवा फिरवली की श्वासातला कार्बन डायऑक्साइड आत साठतो, डोळे जड होतात, जांभया येतात. जालन्याहून समृद्धीला चढलं की तो रस्ता सरळसोट, १२० पर्यंतचा वेग आणि आत गारवा, झोप यायला सगळंच जुळून येतं. अर्ध्या-पाऊण तासानं काही मिनिटं बाहेरची हवा घ्या, फिल्टरमधून गाळूनच येते ती, आतला गारवा थोडा कमी होतो एवढंच. नव्या काही गाड्या हे स्वतःच मधेमधे करतात, तरी आपण लक्ष ठेवायचं. आणि झोप आलीच तर हवेनं काही भागत नाही, गाडी थांबवा.

मागं बसलेल्यांचं

पुढच्याला बरोबर वाटतं आणि मागं आजी कुडकुडतात, हे तर प्रत्येक गाडीत. आमच्याकडं मागून हाक येतेच, "बाबा, कमी कर रं ते जरा, गुडघे दुखायलेत माझे." अशा वेळी एसी बंद करू नका, आकडा २५ नाहीतर २६ करा आणि मागच्या जाळीचं तोंड अंगावरून वर छताकडं फिरवा. गार हवा जड असते, वरून हळूहळू खाली उतरते, अंगावर झोत न येता सगळीकडं गारवा होतो. पुढच्या जाळ्या पण तोंडावर रोखून न ठेवता थोड्या वर ठेवा.

डावी-उजवी वेगळं तापमान लावायची सोय असंल तर त्यात डाव्या आणि उजव्या बाजूला वेगळ्या झडपा असतात. 'सिंक' दाबलं की दोन्हीकडं ड्रायव्हरचाच आकडा लागतो. सात सीटच्या काही गाड्यात मागं छताला वेगळी कॉइल आणि पंखा असतो, त्याचा पंखा तिथूनच लावावा लागतो, पुढचं ऑटो त्याला बघत नाही.

पावसाळ्यात काच धुरकट झाली तर

हे नीट लक्षात ठेवा, कारण मांजरसुंबा घाटात नाहीतर कन्नडच्या औट्रम घाटात समोरचं दिसंना गेलं की घाबरून माणूस चुकीचं बटण दाबतो. आधी काचेला आतून बोट लावून बघा. बोटाची रेघ उमटली तर बाष्प आतल्या बाजूला आहे, माणसांच्या श्वासाचं आणि भिजलेल्या कपड्यांचं. तेव्हा पुढच्या काचेचं डीफॉगर बटण दाबा, पंख्यासारख्या आकारात वर जाणाऱ्या वाकड्या रेघांचं चित्र असतं ते. ते दाबलं की बहुतेक गाड्या एसी चालू करतात, बाहेरची हवा घेतात आणि सगळी हवा काचेवर सोडतात. एसीची कॉइल हवेतलं बाष्प काढून घेते आणि कोरडी हवा काचेवर जाते, म्हणून काच अर्ध्या-एक मिनिटात साफ होते. पावसात एसी कशाला म्हणून बंद करू नका, इथं तो गारव्यासाठी नाही तर हवा कोरडी करायला चालतो.

आतून बोट लावून रेघ उमटली नाही तर धूसरपणा बाहेरच्या बाजूला आहे. आतून काच लई गार झाली आणि बाहेर दमट हवा आहे, म्हणून बाहेरून पाणी जमतंय. तेव्हा वायपर मारा, आकडा दोन-तीन अंशानं वाढवा आणि काचेवर हवा जात असंल तर ती तोंडाकडं वळवा.

हिवाळ्यात

परभणीचा हिवाळा म्हटलं की पहाटे पारा सात-आठच्याही खाली जातो हे आपल्याला माहितीच आहे. अशा पहाटे २४ लावून ऑटो दाबलं तर सुरुवातीला पंखा जवळजवळ फिरतच नाही, तेव्हा बिघाड समजू नका. इंजिन गार आहे म्हणजे हीटर कोअर पण गार आहे, अंगावर गार हवा मारण्यापेक्षा सिस्टीम कूलंट तापायची वाट बघते. चार-पाच किलोमीटर गेलं की गरम हवा येते. ही उष्णता इंजिनची वाया जाणारीच असते, तिला वेगळं पेट्रोल लागत नाही. एसीचा लाइट चालू दिसला तर हवेतलं बाष्प काढायला तो चालू असतो, काच कोरडी असंल तर बंद केला तरी चालतं. हिवाळाभर एसी लावलाच नाही असं मात्र करू नका, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवा, आतलं तेल गॅसबरोबरच फिरतं आणि त्यानंच कंप्रेसरचे सील ओले राहतात.

सांभाळायचं कसं

सगळ्यात आधी केबिन फिल्टर. बहुतेक गाड्यात ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूनं दाबून खाली पाडला की मागं एक पट्टी दिसते, तिच्यात असतो. आपल्या काळ्या मातीच्या धुळीत, सोयाबीनच्या भुश्यात आणि कापसाच्या तंतूत तो पुस्तकात लिहिलंय त्याच्या लई आधी भरतो. उन्हाळ्याच्या तोंडाला आणि दिवाळीनंतर काढून बघाच. उजेडाला धरला आणि उजेड आरपार दिसंना तर नवीन टाका, कागदी फिल्टर धुवून परत घालू नका. घालताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेनं आहे का बघा. फिल्टर भरला की हवा कमी येते आणि सिस्टीम पंखा वाढवत राहते, आवाज मोठा आणि गारवा नाही, ही त्याची खूण. गाडी गोठ्याजवळ, गोदामाजवळ लावत असाल तर उंदीर याच जागेत घर करतात, चिंध्या-कापूस सापडला की वायरी पण तपासून घ्या.

मग कंडेन्सर. पुढच्या जाळीतून आत बघा, किडे आणि तंतू चिकटलेले दिसतील. इंजिन बंद आणि गार असताना साध्या पाईपच्या पाण्यानं हळू धुवा. वॉशिंग सेंटरला प्रेशरची गन जवळून मारू देऊ नका, त्या पत्र्याच्या बारीक पाकळ्या लगेच वाकतात आणि मग वाराच जात नाही.

पाणी गाडीखाली न पडता शेजारच्या सीटच्या पायाशी पडायला लागलं तर निचऱ्याची नळी बुजलीय. चिखलानं बुजते, नाहीतर कुंभारीण माशी त्या तोंडाला मातीचं घर करते. साफ करायला पाच मिनिटं लागतात. एसी लावताच कुबट वास येत असंल तर उतरायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसीचं बटण बंद करून पंखा चालू ठेवायची सवय लावा, कॉइल कोरडी होते.

आणि गॅस. दरवर्षी गॅस भरायचा असतो हे डोक्यातून काढून टाका. सिस्टीम बंदिस्त असते, गॅस जळत नाही, वर्षानुवर्षात पाईपातून किंचित कमी होतो तेवढाच. एका उन्हाळ्यात गारवा गेला म्हणजे कुठंतरी लीक आहे, ते न शोधता भरलेला गॅस परत जाणार. भरायचा तर आधी लीक शोधा, मग व्हॅक्यूम करा, म्हणजे पाईपातली हवा ओढून काढा, मग बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम मशीनवर वजन करून भरा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यात आर-१३४ए गॅस असतो, तरी स्टिकर वाचूनच घ्या. अंदाजानं जास्त भरला तरी गारवा कमीच होतो आणि कंप्रेसरवर ताण येतो.

गाडी पळताना गार आणि सिग्नलला थांबली की कोमट, असं असंल तर कंडेन्सरचा पंखा बघा. एका बाजूनं गार आणि दुसऱ्या बाजूनं गरम, नाहीतर चालू करताना डॅशबोर्डमधून टकटक आवाज, तर अ‍ॅक्च्युएटरचा प्लास्टिकचा दाता तुटला असणार. घाट चढताना थोडा वेळ गारवा कमी झाला तर तो दोष नाही, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की बऱ्याच गाड्या इंजिनला ताकद मिळावी म्हणून कंप्रेसर थोडा वेळ सोडतात. बाकी काहीही असलं तरी ऑटो एसीत पाना लावायच्या आधी स्कॅनर लावायला सांगा, कुठला सेन्सर नाहीतर मोटर गेलीय ते कोडमधे सरळ दिसतं.

जुनी गाडी घेताना

मालकानं चालू करून गार हवा दाखवली म्हणजे झालं असं समजू नका, तेवढं तर मॅन्युअल एसी पण दाखवतो. इंजिन गरम झाल्यावर 'लो' वरून सरळ 'हाय' वर न्या, मिनिटभरात हवा चांगली गरम व्हायला पाहिजे, परत 'लो' वर आणा, परत गार. हवा तोंडावर, पायावर, काचेवर अशी एकेक बदलून प्रत्येक जाळीपाशी हात धरा. आतली-बाहेरची हवा बदलताना आवाजात फरक ऐकू येतो का बघा. मीटरवरचं बाहेरचं तापमान पटण्यासारखं आहे का, ते बघा. मग २४ वर ऑटो लावून वीस मिनिटं गाडी चालवा, तेवढ्यात पंखा आपोआप हळू व्हायला पाहिजे. शेवटपर्यंत फुल्लच फिरत राहिला, नाहीतर २४ वर अंग गोठायला लागलं, तर आत कुठंतरी सेन्सर नाहीतर झडप गेलेली आहे, आणि डॅशबोर्ड उघडायची मजुरी धरून तेवढी किंमत कमी करून मागा.